बिननावाचा खोकला

माझे चुलतसासरे हे अख्ख्या बुऱ्हाणपुरातले सर्वांत जास्त गुपितं पोटात ठेवणारे आणि सर्वांत मोठ्यानं बोलणारे गृहस्थ होते. हे दोन गुण एकमेकांशी जमत नाहीत, हे त्यांना सोडून सगळ्या राजपुरा मोहल्ल्याला माहीत होतं. राजपुऱ्यातच त्यांचा दवाखाना. घरात आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू, पेशंट डाक्टरसाब म्हणत. डावा कान पार गेलेला आणि उजवा त्याच वाटेवर. मशीन लावा म्हटलं की म्हणायचे, "कानात आधीच स्टेथोस्कोप असतो, दोन-दोन यंत्रं कुठे घालू?" त्यामुळे ते स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात बोलत, आणि तो आवाज बाहेरच्या बाकावरून पानटपरीपर्यंत जाई. यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. टेबलावर रेडिओ ठेवला होता आणि पेशंट बोलायला लागला की तो मोठा करत. आजार कोणता ते मग गल्लीला ऐकू येत नसे, पण आजार केवढा आहे ते रेडिओवरून कळे. "आज भजन लई जोरात लागलं, कोन गेलंय आत?" असं टपरीवाला विचारायचा.

रस्त्यात पेशंटला ओळख दाखवायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. डॉक्टरनं नमस्कार केला की लोक विचारतात, याला काय झालं? म्हणून ते गावातून मान वळवून चालत, उधारी थकलेला माणूस चालतो तसे. माझ्या लग्नात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या सासऱ्यांच्या अगदी समोरून, ओळख न दाखवता निघून गेले. या घरात सख्ख्या भावांचं भांडण आहे असं समजून मी महिनाभर दोघांची नावं एका वाक्यात घेतली नाहीत. मग कळलं, सासऱ्यांना नुकतीच साखर निघाली होती. संध्याकाळी काकाजी मावा जिलेबीच्या दुकानासमोर उभे राहत. साखरेचे पेशंट तिथे हमखास सापडतात, पण नियमामुळे बोलता येत नाही. म्हणून ते नुसते बघत. हातातली जिलेबी परत ताटलीत ठेवून निमूटपणे निघून गेलेले भलेभले लोक मी पाहिले आहेत.

अशा माणसाकडे एक दिवस मेडिकल कॉलेजची एक तरुण डॉक्टरीण आली. त्या वर्षांत सगळंच सगळ्याला जोडायचं चाललं होतं. रेशनकार्ड फोनला, फोन बँकेला. तिला चार जिल्ह्यांतल्या खासगी दवाखान्यांच्या नोंदी एकमेकींना जोडायच्या होत्या, विषय होता पॉवरलूमवर काम करणाऱ्यांचा खोकला. काकाजींनी रेडिओ बंद करून तिला खुर्ची दिली. हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. लूमवाल्यांची छाती सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि आठवडा सरता सरता मोकळी होते, हे ते वर्षानुवर्षं पेशंटच्या कार्डांवर लिहीत आले होते. ते म्हणत, हा कापसाच्या तुसाचा खोकला आहे. लूममालक म्हणत, बिडीचा; पण बिडी तर सुट्टीतही चालू असते. एका म्हाताऱ्या डॉक्टरचं मत म्हणजे मत, पण चार जिल्ह्यांतली कार्डं तेच बोलली तर तो पुरावा होतो, हे त्यांना कळत होतं. शिवाय दवाखाना बंद करून इंदूरला मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. उत्तर मिळालं तर आताच मिळणार होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "सर, नावं काढून टाकायची. फक्त वय, काम, तक्रार, औषध. आमच्या कमिटीची मंजुरी आहे. महिनाअखेरपर्यंत द्या."

"तुमच्या कमिटीची आहे. माझ्या कमिटीची कुठंय?"

"तुमची कोणती, सर?"

"खोकणाऱ्यांची," काकाजी म्हणाले. या खोलीतली गोष्ट उंबरा ओलांडणार नाही, असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलेलं होतं. नाव काढलं तरी गोष्ट उंबरा ओलांडणारच. तेव्हा प्रत्येकाला विचारणार, असं ठरवून ते दुसऱ्या दिवशी सकाळीच छत्री घेऊन निघाले.

सुरुवात त्यांनी केळीच्या लिलावापासून केली. तिथे जसोंडीचा एक शेतकरी होता, तरुणपणी त्यानं लूमवर काम केलेलं. विचारल्याशिवाय नोंद द्यायची नाही या तत्त्वासाठी काकाजींनी ओळख न दाखवायचं तत्त्व त्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं आणि भर बोलीत विचारलं, "तुझ्या खोकल्याची आणि त्या दुसऱ्या तक्रारीची माहिती कॉलेजला देऊ का?"

लिलाव थांबला. कोणीतरी विचारलं, "दुसरी कोनती, डाक्टरसाब?"

काकाजी कडक आवाजात म्हणाले, "ते चार लोकांत सांगण्यासारखं नाही."

त्या माणसाचं पुढे काय झालं असेल ते ओळखायला डॉक्टर असायची गरज नाही. दुपारी मी शाळेतून घरी येते तो त्याची बायको ओट्यावर बसलेली. "मॅडम, खरं सांगा, यांना दुसरी कोनती तकलीफ हाय? आमच्या जाऊबाईनं तर तिसरीपन सांगितली." मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही, आणि काकाजींनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते. वर्ग हाताबाहेर जाताना दिसला की मी दार लावून घेते. तसंच केलं. काकाजींची छत्री काढून घेतली आणि निरोप धाडले की संध्याकाळी एकेकानं दवाखान्यात यावं. रेडिओ चालू, पेशंटच्या कानाशी काकाजी, कोपऱ्यात लॅपटॉपवर मी. कार्डाचा नावाचा भाग दुमडून ते माझ्यापुढे ठेवत. बहुतेक सगळे लगेच हो म्हणाले. "द्या ना डाक्टरसाब, खोकला काय सोन्याचा हाय?" एकानं एवढंच विचारलं की नाव काढलं तर इनाम कोणाला मिळेल. इनाम नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग नाव काढा.

शेवटी राहिलं एकच कार्ड, सगळ्यात जाड. राजघाटाकडच्या गल्लीतल्या कमलबाईंच्या यजमानांचं. पहिल्या खोकल्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंत सगळं काकाजींच्या हातचं, एकही सुट्टी न चुकलेलं. डॉक्टरीण त्या कार्डाची वाट बघत होती. एवढी लांब नोंद चारही जिल्ह्यांत दुसरी नाही, असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. यजमान वारले होते, म्हणून विचारायचं कमलबाईंना.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव नाही टाकनार?"

"नियम आहे, बाई. कोणाचंच नाही टाकत," काकाजी म्हणाले.

"मंग नका देऊ."

मी मध्ये पडले. नाव टाकलं तर कोणीही ओळखेल, म्हणून तर काढायचं, नियम तुमच्याच भल्यासाठी आहे, वगैरे सगळं समजावलं.

"ओळखू द्या की, मॅडम. त्यांच्या नावावर कुठंच काही नाही. घर माझ्या सासऱ्याच्या नावावर, लूम शेटच्या. आता खोकलापन बिननावाचा?"

काकाजींनी रेडिओ बंद केला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हळूच समजूत घातली असती तर बाई ऐकणाऱ्या होत्या, डॉक्टरवर त्यांचा जीव होता. काकाजींनी ते जाड कार्ड कमलबाईंच्या हातात दिलं आणि त्या गेल्या.

"काकाजी, सगळ्यात मोठा पुरावा गेला," मी म्हणाले.

"सूनबाई, आपण त्यांना विचारायला बोलावलं होतं. हो म्हणायला नव्हतं बोलावलं."

बाकीची कार्डं वेळेत गेली. अहवाल आला तोवर काकाजी इंदूरला होते. चारही जिल्ह्यांत खोकला सुट्टीनंतरच उसळतो असं निघालं. भाषा जपून वापरलेली, पण तूस तो तूसच. आमच्याकडच्या काही लूममालकांनी हवा बाहेर फेकणारे पंखे बसवले. बाकीचे अजून बिडीवरच आहेत. अहवालाच्या शेवटी ज्या डॉक्टरांनी नोंदी दिल्या त्यांचे आभार आहेत. त्यात काकाजी नाहीत. मी रागानं कॉलेजला फोन लावला, तर डॉक्टरीण म्हणाली, "मॅडम, सरांनीच कळवलं होतं, की खोकणाऱ्यांचं नाव नाही, तर माझं कशाला."

मला हे पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. काम केलं की खाली नाव लिहावं, असं मी मुलांना शिकवते. पण काकाजी गेले, आता वाद घालायला कोणी नाही, म्हणून मीही त्यांचं नाव इथे लिहिलेलं नाही. मात्र इथे कोणत्या कमिटीचा नियम लागू नाही. तेव्हा राजघाटाकडच्या गल्लीत जाऊन, कमलबाईंना विचारून, एवढं लिहिते की त्यांच्या यजमानांचं नाव सुपडू होतं.