वॉलीचं बोट

थेल्मा रिंगवुडने ओल्या रस्त्यावर गाडी घातली ती आयुष्यात एकदाच.

ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलँडमधला तो काळ्या मातीचा रस्ता. पाऊस झाला की 'रस्ता बंद'ची पाटी लागायची आणि माती वाळेपर्यंत माणसं घरी बसायची. ओल्या मातीत चाकं गेली की खोल चाकोऱ्या पडत, उन्हात दगडासारख्या होत आणि मग महिनोन्‌महिने सगळ्यांच्या गाड्या खिळखिळ्या करत. तिकडे एखाद्याचं वासरू पळवलेलं चाललं असतं, हे नाही.

पण क्लॅरीच्या छातीत कळ आली. तिथे डॉक्टर विमानानेच यायचे, पण घराजवळच्या धावपट्टीवर चिखल, विमान उतरेना. थेल्माने नवऱ्याला गाडीत बसवलं आणि पाटी ओलांडली.

क्लॅरी वाचला. चाकोऱ्याही राहिल्या.

तो रस्ता यंत्र फिरवून सपाट करायचं काम वॉली प्रूएटचं. तो त्यांचा शेजारी, म्हणजे तासाभराच्या अंतरावरचा. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हाच तिथला नमस्कार. वॉलीने थेल्मापुरता तो बंद केला.

"वॉलीचं बोट दुखत असेल गं," क्लॅरी म्हणायचा.

"तुझी छाती दुखली म्हणून त्याचं बोट दुखतंय. गप जेव."

तरी दर वेळी ती आपलं बोट उचलायची. तो सरळ समोर बघत निघून जायचा.

रस्ता डांबरी व्हावा म्हणून लोक कित्येक वर्षं मागे लागले होते. शेवटी एक अधिकारी पाहणीला आला आणि थेल्माच्याच चाकोरीत त्याच्या गाडीचा तळ फुटला. वॉलीने ती दोर लावून ओढत आणली, थेल्माच्या दारात सोडली आणि खाली न उतरताच तो परतला.

सुटा भाग येईपर्यंत अधिकारी तिच्याकडे राहिला.

"बाई, याला रस्ता म्हणता तुम्ही?"

"होता. मी मोडला."

"का?"

तिने क्लॅरीकडे बोट दाखवलं. तो दुसऱ्यांदा मटण वाढून घेत होता.

पुढच्या वर्षी डांबर आलं. गावच्या सभागृहात चहापान झालं. "थेल्मा, आधीच का नाही गं मोडलास?" लोक हसत होते. वॉली कोपऱ्यात उभा राहून चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली असणार.

आता त्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. समोरचा कोण हे कळेपर्यंत मागे पडलेला असतो, आणि बोट उचलायची सवय हळूहळू सगळ्यांचीच सुटली.

परवा वॉलीची पांढरी गाडी समोरून आली आणि गेली.

"उचललं का गं त्याने?" क्लॅरीने विचारलं.

"काय माहीत. दिसतंय कुठे."

तिचं स्वतःचं बोट अजून वरच होतं. वळण आलं तेव्हा तिने ते खाली घेतलं.