अनुमोदक भरमाण्णा

भरमाण्णाचं कानडी ऐकलं की परका माणूस त्याला धारवाडकडचाच समजायचा. सीमाभागातल्या मच्छे गावच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस. एका बाजूला गोकाकचा गडी, दुसऱ्या बाजूला बैलहोंगलचा. त्यांच्या डब्यात हात घालता घालता आणि त्यांच्याशी भांडता भांडता त्यानं ती भाषा अशी उचलली, की शिव्यांपासून म्हणींपर्यंत सगळं जिभेवर. पण शाळा मराठी, तीही नववीत सुटलेली. कानडी अक्षर काही त्याला वाचता यायचं नाही. बसच्या पाट्या तो आकारावरून ओळखायचा. एक आपलं नाव तेवढं, हजेरीपत्रकात रोज बघून बघून, कानडीत लिहिता-वाचता यायचं. ही गोष्ट ठाऊक होती फक्त त्याच्या बायकोला, मंगलला.

कारखान्यातून निवृत्त झाला आणि गल्लीनं त्याला पट्टण पंचायतीच्या, म्हणजे नगरपंचायतीच्या, निवडणुकीला उभा केला. सात नंबर वॉर्ड. "सायबासंगं कानडीत बोलणारा आपला माणूस पायजे," असं म्हणून लोकांनी त्याला निवडून दिला. आणि भरमाण्णानं निराशही केलं नाही. तुंबलेली गटार असो, बंद पडलेला दिवा असो, मुख्याधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभा राहून काम करून घेतल्याशिवाय हलायचा नाही.

सभेच्या आठ दिवस आधी अजेंडा घरी यायचा, सगळा कानडीत. भरमाण्णा चष्मा लावून अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि एकेक पान उलटायचा. जाणारे-येणारे थांबायचे. "आण्णा, पाण्याचं काय ठरणार हाय?" मग तो आपलं मत सांगायचा. पाणी तिसऱ्या दिवसाला आलंच पायजे, शाळंपुढनं ट्रक न्यायचे न्हाईत. मतं खरी असायची, ऑफिसात चहा पिताना कानावर पडलेल्या बोलण्यावर बेतलेली. कागदातलं मात्र त्यात काही नसायचं.

त्या महिन्याच्या सभेत विषय भराभरा पुढं सरकत होते. नवव्या विषयाला ओमकार नावाचा मेंबर उठला, ठराव मांडला आणि बसता बसता भरमाण्णाकडं वळला.

"आण्णा, अनुमोदन तुमचं घालतो. बाजाराच्या तोंडाला कमान करायची हाय. गावाची शोभा."

"घाल की. शोभंला कोण नगं म्हणंल?"

शिपायानं रजिस्टर पुढं ठेवलं. वर पाच ओळी होत्या. भरमाण्णानं त्यांच्यावरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि सही ठोकली.

दहा दिवसांनी बाजाराच्या तोंडाला असलेल्या बायकांच्या संडासावर एक कागद चिकटला. शनिवारच्या बाजाराला पिरनवाडीपासून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून शंभरेक बायका भाजी घेऊन बसायच्या. सकाळी सहाला आल्या की संध्याकाळपर्यंत त्यांना तेवढाच एक आडोसा. त्यांतली सगळ्यांत जुनी नागुबाई. चाळीस वर्षं तिनं त्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकलेली. तिनं भरमाण्णाला हाताला धरून कागदापुढं नेलं.

"भरमा, काय लिवलंय रं ह्यात?"

चार बायका मागं येऊन उभ्या राहिल्या. भरमाण्णानं चष्मा वर सरकवला. अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती. खाली पंचायतीचा शिक्का. भिंतीचा गिलावा तर पडलेलाच होता.

"दुरुस्तीचं हाय गं आक्का. रंगबिंग देणार असतील."

"देवागत आलास बघ," नागुबाई म्हणाली आणि साऱ्या बाजारभर सांगत सुटली, की भरमानं वाचलंय, दुरुस्ती होणार हाय.

त्याच आठवड्यात दोन माणसं आली आणि संडासावरची पाण्याची टाकी उतरवून घेऊन गेली. दुरुस्तीच असेल म्हणून कुणी त्यांना हटकलं नाही.

नागुबाईची नात ऋतिका कानडी शाळेत शिक्षिका होती. पुढच्या शनिवारी ती आजीला डबा द्यायला आली आणि तिनं तो कागद वाचला. तशीच ऑफिसात गेली, ठरावाची नक्कल मागून घेतली. दुपारी बायकांचा घोळका भरमाण्णाच्या अंगणात. तो तेव्हा खुर्चीवर बसून येत्या गुरुवारच्या सभेविषयी शेजाऱ्यांना सांगत होता, मांडीवर अजेंडा पसरून.

"मामा, दुरुस्ती नाही ती," ऋतिका म्हणाली. "पाडणार आहेत. हरकत घ्यायला पाचच दिवस राहिलेत. हा बघा ठराव." आणि ती एकेक ओळ कानडीत वाचून मराठीत सांगू लागली. बाजाराच्या प्रवेशद्वारावरील मोडकळीस आलेली इमारत पाडणे. त्या जागी स्वागतकमान उभारणे. सूचक, ओमकार.

ती थांबली.

भरमाण्णा तिच्या खांद्याच्या बाजूनं कागदाकडं बघत होता. ओमकारच्या खालच्या ओळीत, अनोळखी अक्षरांच्या गर्दीत, त्याला वाचता येणारी तेवढीच अक्षरं होती. ऋतिकानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, एक क्षणभरच. मग कागदाची घडी घातली.

"एवढंच आहे," ती म्हणाली.

भरमाण्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या मुलीच्या वयाच्या पोरीनं आपली लाज झाकली होती.

"आन् मला दुरुस्ती म्हणालास की रं?" नागुबाईनं विचारलं.

"नीट दिसलं न्हाय आक्का. चष्म्याचा नंबर वाढलाय."

खोटं तोंडातून गेलं आणि कुणालाही ते खोटं वाटलं नाही. एक बाई म्हणाली, "जाऊ दे. आण्णा हायत न्हवं, ते आडवं पडतील." नागुबाईनं ओटीतली कोथिंबिरीची जुडी त्याच्या बायकोच्या हातात दिली. "आपला माणूस हाय त्यो." बायका गेल्या. ऋतिका सगळ्यांत शेवटी गेली, आणि जाताना तिनं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी मंगलनं कोथिंबीर निवडायला घेतली, तसा तो ओरडला, "ती नगं घालू आमटीत." मंगलनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं जुडी बाजूला सारली.

"टाकी नेली त्यांनी," ती म्हणाली. "आज दिवसभर बायका पाण्याबिगर जात व्हत्या. तुमाला ठावं हाय का?"

त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी तो वकील हरिभाऊंकडं गेला. हरिभाऊंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ही तर सोन्यासारखी संधी आहे! अजेंडा मराठीत दिला नाही, मराठी सदस्याची फसवणूक झाली, असं निवेदन देऊ. पेपरात येईल. तुमच्यावर एक शिंतोडा उडणार नाही."

सुटकेचं दार उघडं होतं, नुसतं पाऊल टाकायचं होतं. भरमाण्णा टेबलावरच्या निवेदनाच्या कोऱ्या कागदाकडं बघत बसला.

"मराठीत द्यायला पायजे हे खरं हाय वकीलसाहेब," तो म्हणाला. "मागितला असता तर मिळाला असता का न्हाय, कुणास ठावं. पण मी मागितलाच न्हाय. मला येतंय असं दावत बसलो. ह्यात फसवलं कुणी कुणाला?"

सोमवारी सकाळी तो नागुबाईच्या दारात गेला. ती परसात भाजीच्या जुड्या बांधत होती, शेजारच्या तिघी-चौघी मदतीला. त्यानं उभ्यानंच सांगितलं. अनुमोदक म्हंजे मी. सही माझी हाय. मला कानडी वाचाय येत न्हाय, कधीच येत नव्हतं. चष्म्याचं बी खोटं बोललो.

एक बाई फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला. दुसरीनं मान फिरवली. नागुबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मला बी वाचाय येत न्हाय, भरमा," ती सावकाश म्हणाली. "तुजी न् माजी गत एकच. पण मी तुला इचारलं. तू कुणाला इचारलंस?"

तिनं बस म्हटलं नाही. तो परत फिरला.

गुरुवारच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय पहिलाच होता. भरमाण्णा उठला. अस्खलित कानडीत त्यानं सांगितलं, की नवव्या विषयाचं माझं अनुमोदन मी काढून घेतो. त्यात काय लिहिलं होतं ते मला कळलं नव्हतं, कारण मला कानडी वाचता येत नाही. इथून पुढं प्रत्येक विषय मोठ्यानं वाचावा.

सभागृहात हशा उठला. "आण्णा, आमच्यापेक्षा झकास कानडी बोलता आन् वाचाय येत न्हाय म्हणता?" ओमकार म्हणाला. भरमाण्णाचं तोंड लाल झालं, पण तो खाली बसला नाही. दारात पंधरा-वीस बायका हरकतीचे अर्ज घेऊन उभ्या होत्या, सगळे ऋतिकानं लिहून दिलेले. त्यांच्यादेखत हे हसू त्याला सोसावं लागलं.

तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, की कमान होणारच, पण आधी भाजीच्या शेडमागं नवा संडास बांधायचा, आणि तो झाल्याशिवाय जुना पाडायचा नाही. टाकीचं मात्र कुणी बोललं नाही. ती कुठं गेली याचा पत्ताच लागला नाही.

नवं बांधकाम व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत दर शनिवारी पहाटे भरमाण्णा हातगाड्यावर पाण्याचं पिंप घालून बाजारात न्यायचा. दुपारी दुसरी खेप. पावसाळ्यात चिखलात चाक रुतायचं, तेव्हा मंगल मागून ढकलायची. कुणी त्याला शाबास म्हटलं नाही आणि त्याला तशी आशाही नव्हती. लोक अंगणात मत विचारायला यायचे तेही कमी झाले.

सभेत आता विषय वाचून दाखवतात, जरा घाईघाईनं का होईना. एकदा शेजारी बसणाऱ्या राजाबाई मेंबरनं त्याच्याकडं झुकून हळूच विचारलं, "आण्णा, ते चौथ्या नंबरचं काय म्हणाले हो? मला बी वाचाय जमत न्हाय. घरात सुदीक सांगितलं न्हाय मी." त्यानं तिला समजावून सांगितलं. पण तिचं ते चोरटं कुजबुजणं ऐकताना त्याची मान खाली गेली होती.

नागुबाई त्याच्याशी बोलते. मंगलला मेथी देते, पावसापाण्याचं विचारते. पण पंचायतीचा, बँकेचा, कसलाही कागद आला, की तो पिशवीत घालून ती त्याच्या दारावरून सरळ पुढं जाते, ऋतिकाच्या शाळेकडं. भरमाण्णा अंगणात असला तर उठून आत जातो.