अठ्ठेचाळीस घरचे रोडगे

नवसाची शास्त्रीय चाचणी घ्यायची असेल, तर ज्या मुलांनी नवस बोलायचा नाही त्यांच्या आयांना आधी विश्वासात घ्यावे. ही सूचना शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळली नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मी अकोल्याच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. अमरावतीच्या एका प्रशिक्षणाहून परतताना माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली : नववीच्या मुलांना धर्माचे तत्त्वज्ञान शिकवावे. कोणता धर्म खरा, हे नव्हे. माणूस श्रद्धा का ठेवतो आणि तिच्या बाजूने व विरुद्ध कोणती कारणे देता येतात, हे त्यांना तपासता यावे, एवढेच. मुख्याध्यापिकाबाईंनी माझा सहा पानी आराखडा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चार शनिवार देते. पण एक जरी पालक तक्रार घेऊन आला ना सर, त्या दिवशी तास बंद."

बावीस वर्षांच्या नोकरीत मनासारखा मिळालेला हा पहिला तास. त्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी कोणी पालक दिसला, की माझ्या हातातला खडू मोडू लागला.

पहिले तीन शनिवार निर्विघ्न पार पडले. तिसऱ्या शनिवारी मी फळ्यावर लिहिले, 'देव दयाळू असेल, तर जगात दुःख का?' कापूस पिकवणाऱ्या घरातला गौरव उभा राहिला.

"सर, देव दयाळू हाये, त मंग बोंडअळी काहून हाये?"

"बोंडअळीलेही पोट हाये न बे," मागच्या बाकावरून उत्तर आले.

थोर पंडितांनी याहून फार पुढे मजल मारल्याचे माझ्या वाचनात नाही. मी इतका प्रसन्न झालो की चौथ्या शनिवारसाठी थेट प्रयोगच योजला. विषय होता, प्रार्थनेला फळ येते का? वर्गात अठ्ठेचाळीस मुले. विषम हजेरी क्रमांकांनी सहामाहीच्या गणितासाठी नवस बोलायचा, सम क्रमांकांनी बोलायचा नाही. निकालानंतर दोन्ही गटांची तुलना करायची. नवस सर्वांचा सारखा असावा, म्हणून मी महादेवाला एक नारळ सुचवला.

"नारळानं गणित सुटत नाई सर," गौरव म्हणाला. "रोडगेच लागते."

(रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. दोन खाल्ले की माणूस झोपतो. तीन खाल्ले की त्याला झोपवावे लागते.)

मी मजकूर सांगितला, 'गणितात पास झाल्यास महादेवाजवळ पाच माणसांना रोडगे घालीन.' मुलांनी तो वहीत उतरवला. हा कागदावरचा नवस आहे, अशी माझी समजूत होती. वऱ्हाडात जन्म घेऊनही नवस कागदावर राहत नाही हे ज्याला कळले नाही, त्याने दुसऱ्यांना तत्त्वज्ञान शिकवावे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

माझी मुलगी मुक्ता याच वर्गात आहे. हजेरी क्रमांक अठरा. त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने, वैशालीने, वही पाहिली. वैशाली माहेरची अमरावतीची. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते.

"तुमी आपल्याच पोरीले नवसाबाहेर ठेवलं?"

"तिचा क्रमांक सम आहे. इलाज नाही."

"मंग क्रमांक बदलवा न."

"अशाने प्रयोगाची शुद्धता..."

"शुद्धता गेली चुलीत. मागच्या वेळी गणितात काय उजेड पाडला होता तिनं, मालूम हाये न?"

"अगं, तू भौतिकशास्त्र शिकवतेस!"

"म्हणूनच सांगून राहिली. धोका काहून घ्याचा?"

यानंतर ती गप्प बसली. तिचे मौन म्हणजे संमती, असे मी धरले. (ही चूक मी लग्नापासून नियमितपणे करत आलो आहे.)

प्रत्यक्षात तिने त्याच दिवशी अकरा माणसांचा नवस बोलून टाकला होता. आणि ती एकटी नव्हती. आपल्या लेकरावर अन्याय झाला, हे सम क्रमांकांच्या चोवीसही घरांत एकाच वेळी लक्षात आले होते. विषमवाल्यांचे पाच, मग आपले अकरा! ज्या गटाने काहीच मागायचे नव्हते, त्याच्यासाठी दुपटीहून अधिक मागणे वर पोहोचले होते, आणि मी मात्र रोज वहीत दोन रकाने आखत होतो.

निकाल लागला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पास! गणिताचे ढोरे सर दरवर्षी डझनभर मुले नियमाने नापास करतात. मी धावत शिक्षक-कक्षात गेलो.

"ढोरे सर, हे कसे घडले?"

"मले समजलं का पोरायनं नवस बोलला. मंग म्या पेपर हलका काढला. देवाच्या कामात आपण काहून मधात याचं?"

"अहो, पण माझा प्रयोग!"

"तुमचा प्रयोग ठीक हाये जी. पण पोट्टं नापास झालं, त लोक देवाले नाई पकडत, मले पकडतात."

अशा रीतीने प्रयोग निवर्तला, पण नवस जिवंत राहिले. अठ्ठेचाळीस घरे अठ्ठेचाळीस वेगवेगळ्या दिवशी रोडगे घालणार आणि मुले शाळा बुडवणार, हे दिसताच मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले. "तुम्ही सुरू केलं, तुम्हीच निस्तरा. तक्रार नको."

मी पद्धतशीर वेळापत्रक केले. एकच रविवार, बाळापूर रस्त्यावरचे महादेवाचे देऊळ, समोरच्या मैदानात चुन्याने आखलेले अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येक घराला हजेरी क्रमांकाप्रमाणे एक. गोवऱ्या कोठे, पाणी कोठे, सारे नकाशात दाखवले. नकाशा इतका सुबक होता की त्यात जेवणारी माणसे कोठेच नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते रविवारी सकाळी अकरा वाजता ध्यानात आले. चोवीस पंचे एकशेवीस आणि चोवीस अकरे दोनशे चौसष्ट, एकूण तीनशे चौऱ्याऐंशी पाहुणे हवे होते, आणि मैदानात जमलेला प्रत्येक जण यजमान होता! घरचा माणूस मोजायचा नाही. स्वतःचा नवस फिटेपर्यंत दुसऱ्याचे खायचे नाही. बाहेरचे नातलग बोलवावेत, तर त्या दिवशी लग्नाची दाट तिथी; सगळे अकोला कुठे ना कुठे अक्षता टाकायला गेलेले. ढोरे सर पहिल्याच चौकोनात एक रोडगा खाऊन पोटाचे कारण सांगत निघून गेले. मुख्याध्यापिकाबाईंचा नेमका उपवास निघाला.

"मंग मोकळं कोण हाये?" गौरवच्या आईने विचारले.

वैशालीने सावकाश माझ्याकडे पाहिले. "हे हायेत न. यायचा त कोणताच नवस नाई."

एक पाहुणा अनेक घरी मोजला तरी चालतो, हा निर्णय महिलामंडळाने जागेवरच घेतला. मी दोन घरी जेवलो आणि तिसऱ्या घरी हात जोडले.

"असं नका करू जी सर," तिथल्या बाई म्हणाल्या. "त्यायच्या घरचं खाल्लं अन् आमच्या पोट्ट्याचं नाई? लेकराच्या नवसात दुजाभाव बरा नाई."

'दुजाभाव' या शब्दात मला लेखी तक्रारीचा वास आला. डोळ्यांपुढे बंद झालेला तास उभा राहिला. मी बसलो. पाचव्या घरी पट्टा सैल केला. सातव्या घरी तो काढून खिशात ठेवला. बाराव्या घरी 'जगात दुःख का?' हा प्रश्न मला प्रथमच अंतःकरणापासून पडला. मुक्ता हातात कागद घेऊन माझ्यामागे फिरत होती आणि माझे जेवून झालेल्या घरांवर खुणा करत होती.

"बाबा, अजून छत्तीस राहिले."

हात धुण्याच्या निमित्ताने मी देवळामागे गेलो. बसता येईना, म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि मग, प्रामाणिकपणे सांगतो, माझे ओठ हलले. "महादेवा, आता एकही रोडगा माझ्यासमोर येऊ देऊ नकोस." नवसाला काही तरी द्यावे लागते. डोके तर चालत नव्हते. महिनाभर जे ऐकत होतो, तेच तोंडून निघाले, "अकरा माणसांना रोडगे घालीन."

मागे भांड्याचे झाकण वाजले. वर्गातल्या तबस्सुमची नानी डेगची घेऊन उभी होती. सम क्रमांकाच्या नातीसाठी त्यांनीही मन्नत मागितली होती.

"मास्टरजी, मैंने सब सुन लिया. माँगी है, तो अब पूरी करना. पहले ये मीठे चावल चख लो."

(नवसात मी केवळ रोडग्यांचा उल्लेख केला होता. शब्दयोजना काळजीपूर्वक करावी, असे मी मुलांना नेहमी सांगतो.)

मी दुसरा घास घेत असतानाच रस्त्यावर मोठा आवाज झाला. लग्नाच्या एका बसचे टायर फुटले होते. आत नवरदेवासह साठ-सत्तर वऱ्हाडी, सकाळपासून केवळ चहावर. चालकाला खाली उतरता येण्याआधी अठ्ठेचाळीस आया बसला भिडल्या. नवरदेवाला त्याच्या मुंडावळ्यांसकट पाच घरांनी वाटून घेतले. चाक बदलून झाले, तरी मंडळी पत्रावळींवरून उठेनात. तिन्हीसांजेच्या आत मुक्ताच्या कागदावरची सारी घरे भरली.

तक्रार एकही आली नाही. उलट दहावीला हाच प्रयोग पुन्हा करावा, अशी पालकांनी विनंती केली आणि बाईंनी मला पाचवा शनिवार दिला. मी फळ्यावर 'योगायोग' असा शब्द लिहिला. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, तिथीच्या दिवशी रस्त्यावर बसगाड्या अनेक असतात, टायर फुटतात, हे मी चाळीस मिनिटे समजावून दिले. तबस्सुमने हात वर केला.

"सर, नानी बोली, तुमीबी नवस बोलले होते. फेडणार हाये?"

"उद्या," मी म्हणालो. (वैशालीने कणीक दळून आणली होती.)

मग मुक्ता उठली. शाळेत ती मला 'सर' म्हणते. "सर, बस योगायोगानं आली, त मंग नवस फेडाचा काहून?"

अठ्ठेचाळीस लेखण्या उत्तरासाठी थांबल्या. मी फळ्याकडे वळलो, 'योगायोग' पुसला, आणि ज्या वाक्यासाठी बावीस वर्षे इतर शिक्षकांना नावे ठेवली, ते वाक्य स्पष्ट उच्चारले.

"हे परीक्षेला नाही."