उलटी ठेवलेली पाटी

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी खापरावरचे मांडे करून विकते. एवढ्यातलीच गोष्ट आहे. बाजारात बातमी उठली, की फोनवर पैसे घेणाऱ्यांची विक्री सरकारला दिसते आणि कराची नोटीस येते. शेजारच्या भजीवाल्यानं स्कॅनरची पाटी काढून टाकली. मग मी तरी कशाला मागे राहू? माझी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली अन् रोख मागायला लागले.

नरडाण्याच्या कारखान्यातली पोरं खिसे चाचपून परत जायची. वाईट वाटायचं, पण भीती मोठी होती.

माझ्या हाताखाली एक बाई पुरण वाटायला येते. तिची मजुरी मी रोज फोनवर टाकायची. आता माझ्याच खात्यात काही येईना, तर तिला कुठून टाकणार? मी नोटा द्यायला लागले. तिनं काही दिवस घेतल्या. मग एकदा वाटता वाटता थांबली.

"अक्का, मना पैसा फोनमाच टाका. रोख घरमा टिकस नही."

नवरा तिचा वाईट नाही हो, पण भावानं हात पुढे केला की त्याला नाही म्हणता येत नाही. दिराची विहिरीवरची मोटार जळाली, तिच्या नोटा गेल्या. आणि पोरीची नर्सिंगची फी तोंडावर आलेली.

"जे फोनमा शे, तेच मनं शे," ती म्हणाली, आणि पुन्हा वाटायला लागली.

मी हात धुतले आणि पाटी सरळ केली. नंतर मग आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका हिशेबनिसाला विचारलं. तो हसला. म्हणाला, "अक्का, विक्री ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच कर, मग रोख असो की फोन. तुमच्या मांड्यांची विक्री कुठली तिथवर जातेय?" मला थोडा रागच आला, पण जीवही भांड्यात पडला.

फी भरायच्या दिवशी तिचे हात पुरणात भरलेले होते. तिचा फोन मीच धरला, तिनं नाकावरचं पीठ मनगटानं पुसत पिनचे आकडे सांगितले. पैसे जरा कमी पडत होते. ते मी टाकले. फुकट घेईल ती बाई कुठली? दुसऱ्या दिवसापासून मजुरीतून कापायला लावले. मी कमी कापले, की ती हटकते.