स्क्रीनवरचा खण

महांतेशअण्णांचं होसकोट्यात मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी निव्वळ हौसेपोटी विमान चालवायचं लायसन्स काढलं, तेव्हा निपाणीच्या सगळ्या भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं. अण्णा हसले आणि उडत राहिले.

त्यांचा एक नेम होता. महिन्यातला एक रविवार ते विमानातली सगळे आकडे दाखवणारी मोठी स्क्रीन बायकोच्या चोळीतून उरलेल्या खणानं झाकायचे आणि खालच्या तीन छोट्या काट्यांच्या तबकड्यांवर उडायचे. एक वेग सांगायची, दुसरी उंची, तिसरी विमान किती कललंय ते.

"अण्णा, स्क्रीन कशाला बंद पडतेय?" शेजारी बसणारा पुण्याचा इन्स्ट्रक्टर अद्वैत चिडवायचा.

"हात विसरतात रे. स्वल्प सराव पाहिजे."

त्या रविवारी रंजिताअक्का पहिल्यांदाच नवऱ्याच्या विमानात, मागच्या सीटवर बसल्या. खाली बघायची छाती होईना, म्हणून तासभर त्या आपल्या हिरव्या खणाकडेच बघत राहिल्या. विमान अलगद टेकलं, थांबलं. अण्णांनी ऐटीत खण ओढला, तर आत स्क्रीन काळीठिक्कर!

"ही कधी गेली?" अद्वैतचा चेहराच उतरला. कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा मात्र पोट धरून हसत सुटले.

"म्हणजे ही बंद होती, तरी आपण उतरलो?" अक्कांनी विचारलं.

"हो की!"

अक्कांनी खण घेतला, झटकला आणि पुढे वाकून पुन्हा स्क्रीनवर नीट पसरला.

"मग राहू दे की झाकलेली. पुढच्या खेपेला मी खिडकीतून बघणार आहे."