कृष्णाताईंची सवारी

कृष्णाताई पुस्तक उलटं वाचायच्या. म्हणजे पुस्तकाचं तोंड आम्हा मुलांकडे, आणि त्या मागून वाकून, डोक्यावर उभी असलेली अक्षरं घडाघडा वाचून दाखवायच्या. नवखा माणूस बघून म्हणे, बाईंना वाचता येत नाही, पाठ केलेलं म्हणून दाखवतात. वर्ग बघायला आलेल्या एका साहेबांनी तर तसं तोंडावर बोलून दाखवलं. ताई म्हणाल्या, "साहेब, चित्रं मुलांची आहेत. मला अक्षरं कशीही चालतात." साहेबांना ते कळलं की नाही देव जाणे, पण चहा पिऊन गेले.

मी तेव्हा पाच-साडेपाच वर्षांची. संस्थान जाऊन मध्य भारत झालं होतं, पण आमच्या जुन्या इंदुरातल्या गल्लीला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. कृष्णाताईंचा बालवर्ग आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरे. त्यांचे यजमान मानपूरकडे रस्त्याच्या कामावर होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. ताईंना मूलबाळ नव्हतं. त्यावर बायका पाठीमागे काय वाटेल ते बोलायच्या, पुढ्यात बोलायची कोणाची टाप नव्हती. चार वर्षांच्या पोरालाही ताई "अरे भिया, जरा इकडे या" म्हणून हाक मारायच्या, भिया म्हणजे भाऊ. मुलींना बाई लावायच्या. मी मंदाबाई. घरात मला मंदे म्हणायचे, त्यामुळे त्या खोलीचा उंबरठा ओलांडला की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

लहान मुलांची मराठी पुस्तकं आमच्याकडे मिळत नसत. मिळाली तरी बारीक अक्षरांची आणि उपदेशाची. मग ताईच पुस्तकं करायच्या. संस्थानाच्या कचेऱ्यांतले निकामी झालेले छापील कागद रद्दीत येत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या चित्रं काढायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवायच्या. एका बाजूला हत्ती, पान उलटलं की जमीन महसुलाचा तक्ता. आम्ही तक्ताही चवीनं बघायचो. कोणी पान फाडलं तर ताई रागवत नसत. "पुस्तक फाटलं तर खळ लावून चिकटतं. तुम्ही रुसलात तर काय लावू, भिया?" असं म्हणायच्या आणि खळीची वाटी त्याच पोराच्या हातात द्यायच्या.

खोली आमच्या आबांनी दिली होती, एक पैसा न घेता. आबा माझे आजोबा. जुन्या दरबारात ते चोपदार होते. चांदी मढवलेली काठी घेऊन दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याचं नाव खड्या आवाजात पुकारायचं, मुजरा करायचा आणि पुन्हा भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. अशी तीस वर्षं. आता घरी बसले होते, पण पहाटे उठून फेटा बांधल्याशिवाय दूधसुद्धा घेत नसत. नव्या राज्याला ते "हे नवं" म्हणायचे. हे नवं काही फार दिवस टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

जानेवारी उजाडला तशी सव्वीस तारखेची कुजबूज सुरू झाली. मोठ्या शाळांतली पोरं मैदानात कवायतीला जाणार होती. आमच्या वर्गालाही नेऊन उभं करावं, असा कुणीतरी निरोप धाडला. ताईंनी साफ नकार दिला. "तीन तास उन्हात उभी राहून पोरांना एवढंच कळेल की सणाला पाय दुखतात. आमचा सण आम्ही इथंच करू. खेळू, वाचू. है कि नी?" आम्ही सगळे "है!" म्हणून ओरडलो. कशाला ओरडलो ते माहीत नव्हतं.

"मग सांगा, काय खेळायचं?" ताईंनी विचारलं.

"सवारी!" एका सुरात उत्तर आलं. आता ह्यात आमची काय चूक? आमच्या गावात मोठा दिवस म्हणजे सवारी, एवढंच आम्हाला ठाऊक. दसऱ्याला हत्ती, घोडे, निशाणं, आणि मधोमध महाराज. घराघरांतून तेच ऐकलेलं. तेव्हा सव्वीस जानेवारी हीसुद्धा कुठल्यातरी राजाची सवारी असणार, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. लगेच भांडण जुंपलं. राजा कोण? मी पुढे होऊन सांगून टाकलं, "राजा मी. खोली माझ्या आबांची आहे." बिनतोड मुद्दा होता. शेजारच्या बंडूनं माझी वेणी ओढली.

"नाक पुसा, मग भांडा," ताई म्हणाल्या. "सवारी काढू. झकास काढू. पण ह्या सवारीत राजा नाही. हा सण राजा नसल्याचाच आहे."

राजा नाही तर सवारी कसली? आणि मग बंडू, नाक अर्धवट पुसलेला, रडवेला होऊन म्हणाला, "ताई, मग मुजरा कोणाला करायचा?"

ताईंनी आधी त्याचं नाक पुसलं. "विचार करून सांगते, भिया. चांगलं विचारलंत," एवढंच म्हणाल्या.

मी मात्र विचारबिचार करायला थांबले नाही. हातातलं राज्य गेलं होतं! तडक आत गेले आणि आबांच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. "ताई म्हणतात राजा नाही. राजा नसल्याचा सण आहे." एवढं पुरे होतं. आबांचा चेहरा लालबुंद झाला. ते बाहेर आले, मुलांदेखत काही बोलले नाहीत, पण वर्ग सुटल्यावर ताईंना म्हणाले, "बाई, ज्या गादीचं अन्न खाल्लं तिची माझ्या घरात बसून थट्टा होणार असेल तर नको. सव्वीस तारीख करून घ्या. सत्तावीसपासून दुसरी जागा बघा."

दाराआडून मी ऐकत होते. मला राजा व्हायचं होतं, वर्ग घालवायचा नव्हता. आणि दुसरी जागा कुठली मिळायला? फुकट खोली देणारा गल्लीत दुसरा कोणी नव्हता, हे आईच त्या रात्री जेवताना म्हणाली. म्हणजे सत्तावीसला पुस्तकं नाहीत, खळीची वाटी नाही, मंदाबाई नाही. हे सगळं माझ्या चोंबडेपणानं! दोन दिवस मी ताईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "मंदाबाई, तुम्ही खरं तेच सांगितलंत घरी. खरं सांगितल्याची शिक्षा नसते. चलो, रंग कालवा."

रंग एका नव्या पुस्तकासाठी होते. ताई रात्री जागून ते करत असाव्यात, कारण रोज सकाळी एक पान वाढलेलं असे. ह्या पुस्तकात हत्ती नव्हता की घोडा नव्हता. पहिल्या पानावर कोपऱ्यावरचे हुसेनभाई शिंपी, तोंडात टाचण्या धरून. दुसऱ्यावर सांवेर गावाहून येणारी दूधवाली मावशी. तिसऱ्यावर गल्ली झाडणारी जमना. प्रत्येक पान दाखवून ताई विचारायच्या, "हे काय करतात? आणि एक दिवस आले नाहीत तर?" आम्ही ओरडून सांगायचो. हुसेनभाई आले नाहीत तर बंडूची चड्डी फाटकीच. जमना आली नाही तर "छीऽऽ!" म्हणून सगळे नाक दाबायचो आणि हसून हसून लोळायचो. एका पानावर फेटा बांधलेले आबा होते. "हे काय करतात?" ताईंनी विचारलं. बंडू म्हणाला, "रागावतात." ताईंनी हसू दाबायला पुस्तक तोंडापुढे धरलं.

मग एके सकाळी ताई आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आबासाहेब, एक काम होतं. पोरांना मुजरा येत नाही. माशा हाकलल्यासारखे हात हलवून राहिलीत. ह्या गल्लीत तुमच्याशिवाय शिकवणार कोण?"

आबांनी आधी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "मुजरा कोणाला करणार? राजा नाही म्हणता ना?"

"ते अजून ठरून राहिलंय. पण कोणालाही करू दे, करायचा तर नीट करावा. है कि नी?"

आबा काही आले नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसले आणि आमचे ते माशा हाकलणारे मुजरे बघत राहिले. पाव तास त्यांनी सहन केलं असेल. मग ताडकन उठले. "अरे, असा नाही! कंबरेतून वाक! हात जमिनीपर्यंत ने, कपाळाला लाव. तीन वेळा. नजर खाली. घाई कसली आहे, गाडी सुटतेय का?" चार दिवस त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. बंडू वाकला की पुढे कोलमडायचा, त्याला आबा स्वतः कंबरेला धरून वाकवायचे. मला वाटलं, राग गेला. पण शेवटच्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं, "जागा बघितली?" ताई म्हणाल्या, "बघून राहिले, आबासाहेब." माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

पुढचं एक आधीच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. ताईंनी पुढे खूप वर्षं मुलांना शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर झाली, दुकानदार झाली, एक तर नाटकात गेला. मी स्वतः मास्तरीण झाले, ती त्यांच्यामुळेच. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या घरी भांडीकुंडी थोडी आणि शिवलेली पुस्तकं ट्रंकभर निघाली. त्यांच्याबद्दल मला कितीही सांगता येईल. पण मला कोणी विचारलं, त्या कशा होत्या, तर मी त्या सव्वीस जानेवारीचंच सांगते.

त्या दिवशी आम्ही आंघोळी करून, तेल चोपडून हजर झालो. हुसेनभाईंनी चिंध्यांतून एवढासा तिरंगा शिवून दिला होता. तो बंडूच्या हातात, कारण प्रश्न त्याचा होता, असं ताई म्हणाल्या. बंडूच्या मागे मी, हातात ते नवं पुस्तक. मग ताईंनी सगळ्यांना खाली बसवलं. "बंडूभियांनी विचारलं होतं, मुजरा कोणाला करायचा. मी आठ दिवस विचार केला. आज जो दिसेल त्याला करायचा. जो दिसेल त्याला! लहान-मोठा बघायचा नाही. समजलं?"

समजलं नव्हतं, पण मजा वाटली. निघाली सवारी. राजा नाही, हत्ती नाही, एक डबा बडवणारा पोरगा आणि मागे आम्ही. हुसेनभाई दिसले, थांबलो, वाकलो, त्रिवार मुजरा. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि "अरे अरे, ये क्या, बच्चों," म्हणत मशीनवरून उठून उभे राहिले. दूधवाली मावशी आधी खो खो हसली, मग पदर डोळ्याला लावला. आणि जमना! झाडू घेऊन ती नेहमीसारखी आम्हाला वाट द्यायला भिंतीशी सरकली. आम्ही तिच्यासमोर थांबलो आणि वाकलो. तिनं मागे वळून बघितलं, मागे कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मागे कोणी नव्हतं. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी "काय हा चावटपणा!" म्हणून ओरडलं. ताईंनी वर बघून त्या गॅलरीलाही मुजरा केला. गॅलरी आत गेली.

गल्लीला फेरा मारून घराशी आलो. दारात आबा उभे होते. फेटा बांधलेला, चेहऱ्यावर रेषा हललेली नाही. गल्लीत काय झालं ते त्यांनी दारातून सगळं बघितलं होतं. डबा वाजायचा थांबला. ताई मागेच थांबल्या. मला वाटलं, आता संपलं. आता खोली परत मागणार.

बंडूनं झेंडा माझ्याकडे दिला आणि वाकला. कोलमडला नाही. मग सगळेच वाकलो. कंबरेतून, हात जमिनीपर्यंत, नजर खाली, घाई न करता. एकदा, दोनदा, तीनदा. मान वर केली तर आबा वाकलेले होते. त्या पाच वर्षांच्या शेंबड्या बंडूला आमचे आबा, दरबारात करायचे तसा, पुरता मुजरा करत होते.

मग सरळ झाले. ताईंना म्हणाले, "जागा बघणं बंद करा." आणि आत निघून गेले.

मी त्यांच्या मागे धावले. ते पलंगावर बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, घाबरून गेले. त्यांनी मला जवळ ओढलं. "मंदे, मला का गं केलात मुजरा? ताईंनी सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "ताई म्हणाल्या, जो दिसेल त्याला करायचा. तुम्ही दिसलात."

आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तीस वर्षं त्या दाराशी उभा होतो, पोरी. कोणाला दिसलो नव्हतो."