गोळ्या सोडल्याची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, प्रार्थनेत देवालासुद्धा नाही. त्याला ठाऊकच आहे, म्हणून टाळत आले. ऐकून तुम्हाला माझी किळस आली तर नवल नाही. मला रोज येते.

धुळ्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी उपासनेत साक्ष देतात — प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मला लग्नाआधीपासून फिट यायची. मी प्रार्थना केली, खूप केली, आणि तिने मला धीर दिला हे अगदी खरं. भीतीने घरात कोंडून घेतलेली मी बाहेर पडले, माणसांत आले. पण फिट थांबली ती गोळ्यांनी. एवढंच बोलले असते तर काय बिघडलं असतं? पाळकसाहेबांनी कधी कुणाला औषध सोडा म्हटलं नव्हतं. पण साधी साक्ष कोण लक्षात ठेवतं? मी म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं. गोळ्या केव्हाच सोडल्या." बाया रडल्या. मला — काय सांगू — फार गोड वाटलं.

मग जिथे सभा, तिथे मला बोलावणं. अमळनेर, एरंडोल, सगळीकडे तेच खोटं, दर वेळी थोडं तिखटमीठ लावून. आणि गोळ्या? इथल्या दुकानात कुणी बघेल म्हणून जळगावहून आणायचे, बहिणीला भेटायच्या निमित्ताने. तांदळाच्या डब्यात लपवायचे. वर रविवारच्या शाळेत मुलांना बायबलातले ढोंगी परुशी, लोकांना दाखवायला प्रार्थना करणारे, शिकवते मी — चित्रं काढून!

एरंडोलच्या सभेत शेवंताअक्का होत्या. विधवा, शेतमजुरी करणाऱ्या. त्यांच्या मुलीला माझाच आजार. सभा संपल्यावर त्यांनी माझे हात धरले. "ताई, तुन्ही साक्ष ऐकीसन माले बळ उनं. आते मी पोरन्या गोळ्या बंद करसू."

तेव्हाच सांगायचं होतं. एकच वाक्य — अक्का, मी घेते गोळ्या, तुम्हीही बंद करू नका.  उलट त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना केली. मोठ्याने.

पोर भाकरी करता करता फिट येऊन चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत जळाला. बोटं अजून मिटत नाहीत.

मी दवाखान्यात गेले, केळी घेऊन. अक्का बाहेर फरशीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, मन्हा इस्वास कमी पडना का?"

तुम्हाला वाटत असेल, माझा गुन्हा म्हणजे ती खोटी साक्ष. नाही — हा पुढचा. मी म्हणाले, "हो अक्का. थोडा कमीच पडला असेल." मऊ, समजूतदार आवाजात म्हणाले. शी! अक्कांनी मान हलवली आणि मी आले म्हणून माझे आभार मानले.

डॉक्टरांनी मुलीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तिच्या उपचारासाठी अक्का आता धुळ्यातच राहतात, रविवार चुकवत नाहीत. एवढं सोसूनही ही बाई देवाला धरून आहे. असा विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. पुढच्या रांगेत गुडघे टेकून त्या आपल्या कमी विश्वासाबद्दल देवाकडे क्षमा मागतात, रडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

मी त्यांच्या मागेच बसलेली असते. त्यांची क्षमा मागून झाली की बाकीच्यांबरोबर मीही "आमेन" म्हणते.